केक नको, खीर करा: आरंभीच्या ख्रिस्ती रक्तसाक्षींचे सण घरी कसे पाळावेत

लग्नानंतर काही वर्षांनी सांगलीतल्या एका बेकरीत मी केक सांगायला गेले होते. लेकीचं नाव अ‍ॅग्नेस, आणि २१ जानेवारी हा संत अ‍ॅग्नेसचा सण. बेकरीवाल्याने वही उघडली. "नाव?" म्हटलं, "संत अ‍ॅग्नेस." "वय किती लिहू?" मी खरंच बोटं मोजायला लागले. ती साधारण इसवी सन ३०४ मध्ये गेली. "सतराशे तर होऊन गेली असतील." त्याने मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "ताई, मेणबत्त्या मग तुम्हीच आणा."

घरी येऊन हसत हसत सांगितलं, तर सासूबाई हसल्याच नाहीत. त्या वसईच्या. सात पिढ्यांचं कॅथलिक घर. "पोरी, जिच्या मानेवर तलवार चालली, तिच्या पुण्यतिथीला आपण सुरीने केक कापायचा?" केक रद्द झाला.

मी मूळची मिरजेची, प्रोटेस्टंट घरातली. आमच्या चर्चमध्ये नाताळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर आणि कापणीचा सण होता. संतांचे दिवस नव्हतेच. लग्नाने कॅथलिक झाले तेव्हा वर्षभर कुठला ना कुठला संत दारात उभा असायचा आणि त्याचं करायचं काय ते कळायचं नाही. आता आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीत, नव्याने येणाऱ्या मोठ्या माणसांना मी थोडीफार मदत करते. कुणी लग्न होऊन आलेली, कुणी बाप्तिस्म्याची तयारी करणारी, कुणी बदली होऊन आलेली. सगळ्यांचा प्रश्न एकच: संताचा सण म्हणजे नेमकं करायचं काय? त्यांना सांगते ते इथे लिहिते. पहिल्या तीन-चार शतकांतल्या संतांपुरतंच, कारण सुरुवात तिथूनच झाली.

आधी तारीख समजून घ्या

जयंती की पुण्यतिथी, हा पहिला प्रश्न. सासूबाईंचं बरोबर होतं. रक्तसाक्षीचा, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्या संताचा, सण बहुतेक वेळा तो ज्या दिवशी मारला गेला त्या दिवशी असतो. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. सज्जनगडावर दासनवमीला गर्दी होते ती समर्थांच्या जन्मासाठी नाही. आळंदीचा कार्तिकातला सोहळाही समाधीचाच.

पण फादरांनी यात एक भर घातली, आणि तेव्हापासून पुण्यतिथी हा शब्द मला थोडा अपुरा वाटतो. आरंभीचे ख्रिस्ती लोक या दिवसाला लॅटिनमध्ये 'दिएस नातालिस' म्हणत, म्हणजे जन्मदिवस. इथला संपला, तिथला सुरू झाला. आपला 'नाताळ' हा शब्द याच 'नातालिस'मधून पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत आलेला आहे. म्हणजे २१ जानेवारी हा अ‍ॅग्नेसचा नाताळ. बेकरीवाल्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता म्हणायचा.

खरा, पाळण्यातला जन्मदिवस चर्च फक्त तिघांचा साजरा करते: येशूचा २५ डिसेंबरला, मरियेचा ८ सप्टेंबरला आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जूनला. मात्र उरलेली प्रत्येक तारीख मृत्यूचीच असते असंही नाही. प्रेषित थोमा, ज्याला परंपरेप्रमाणे मैलापूरला भाल्याने मारलं, त्याचा ३ जुलैचा सण हा त्याचे अवशेष एडेसा शहरात नेल्याचा दिवस आहे. भारतात हा दिवस सर्वांत वरच्या दर्जाने पाळतात.

हे वर्षश्राद्ध मुळात सुरू कसं झालं? स्मुर्ना शहराचे म्हातारे बिशप पॉलिकार्प यांना इसवी सन १५५ च्या सुमारास जाळायला उभं केलं. ख्रिस्ताला शिव्या दे आणि सूट, असं अधिकाऱ्याने सांगितल्यावर ते म्हणाले, ८६ वर्षं त्याची चाकरी केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, आता त्याला शिव्या कशा देऊ? त्यांच्या माणसांनी नंतर हाडं गोळा केली, हिऱ्यामाणकांपेक्षा मोलाची म्हणून जपून ठेवली, आणि दरवर्षी त्या दिवशी तिथे जमायचं ठरवलं. हे त्यांनीच पत्रात लिहून ठेवलं आहे. पॉलिकार्पचा सण २३ फेब्रुवारीला. थडग्यापाशी जमणं, प्रार्थना, भाकर मोडणं, यापलीकडे सुरुवातीला त्यात काही नव्हतं. आपणही तिथूनच सुरुवात करायची.

आणि 'रक्तसाक्षी' हा शब्द मुद्दाम वापरा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच साक्षीदार. सातारा जिल्ह्यात हुतात्मा म्हटलं की वडूज आठवतं, ९ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा आठवतो, आणि त्या आठवणीचा मान वेगळा आहे. इथे गोष्ट साक्षीची आहे: 'मी ख्रिस्ती नाही' एवढं बोललं तर सुटका, आणि ते न बोलणारी माणसं.

मग कॅलेंडर

भिंतीवरच्या नेहमीच्या दिनदर्शिकेत अ‍ॅग्नेस, लॉरेन्स सापडणार नाहीत. पॅरिशच्या ऑफिसात चर्चचं वार्षिक कॅलेंडर मागा. सातारा आणि सांगली दोन्ही पुणे धर्मप्रांतात येतात, तेव्हा तिथलं कॅलेंडर चालतं.

कॅलेंडरात प्रत्येक दिवसाला दर्जा असतो. सर्वांत वर महासण, मग सण, मग स्मरणदिन. स्मरणदिनांतही काही पाळायचेच आणि काही ऐच्छिक. बोलताना आपण सगळ्यालाच सण म्हणतो, पण दर्जा माहीत नसेल तर फजिती होते. २०२५ सालचंच बघा. २९ जूनला पेत्र आणि पौल, तो रविवार होता. महासण असल्यामुळे रविवारच्या प्रार्थना बाजूला झाल्या आणि या दोघांचीच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली. त्याच वर्षी १० ऑगस्टला लॉरेन्सचा सणही रविवारीच आला, पण तो एक पायरी खाली, म्हणून लॉरेन्स बाजूला आणि रविवार पुढे. एकाच पावसाळ्यात दोन रविवार, दोन निकाल.

दुसरी अडचण प्रायश्चित्तकाळाची, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासाच्या दिवसांची. २०२३ साली राखेचा बुधवार २२ फेब्रुवारीला आला. मी २३ ला पहाटे लाल साडी नेसून, लाल गुलाब घेऊन पॉलिकार्पसाठी चर्चमध्ये हजर. फादर जांभळ्या वस्त्रात. वेदीवर एक फूल नाही. मिस्सा संपल्यावर म्हणाले, "साडी छान आहे." एवढंच. प्रायश्चित्तकाळात साधे स्मरणदिन मागे सरतात. फार तर सुरुवातीच्या प्रार्थनेत त्या संताचा उल्लेख होतो. ७ मार्चच्या पर्पेच्युआ आणि फेलिसिटी या दोघींच्या वाट्याला तर बहुतेक वर्षी हेच येतं. १७ ते २४ डिसेंबर या नाताळपूर्व दिवसांतही तसंच.

एरवी रक्तसाक्षीच्या दिवशी धर्मगुरूंची वस्त्रं लाल असतात. इतर संतांना पांढरी. आत शिरल्या शिरल्या रंग पाहिला की आज कोण आहे याचा निम्मा अंदाज येतो.

एक संत धरा, फार तर तीन

नव्या माणसाची चूक हीच होते: उत्साहात वर्षाचे साठ संत वहीत उतरवतो आणि मार्चपर्यंत दमतो. मी पहिल्या वर्षी भिंतीवर तक्ता लावला होता. तक्ता अजून आहे, कपाटामागे.

तुमच्या नावाचा संत असेल तर तो आधी. नसेल तर तुमच्या कामाचा. मिरजेत दवाखान्याच्या कामातली एवढी माणसं आहेत. त्यांना २६ सप्टेंबरचे कोस्मास आणि डेमियन सोडून दुसरीकडे जायचं कारण नाही. हे दोघे भाऊ वैद्य, उपचाराचे पैसे घेत नसत, म्हणून पूर्वेकडे त्यांचं नावच पडलं 'चांदी न घेणारे'. डॉक्टरांनी त्या दिवशी काय करावं हे मी सांगायची गरज नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचे भोपळे वाळत पडलेले दिसतात, तिथून जाताना मला २२ नोव्हेंबरची सेसिलिया आठवते, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची संत. गंमत अशी की तिच्या गोष्टीत ती काहीच वाजवत नाही. तिच्या लग्नात वाद्यं वाजत होती आणि ती मनातल्या मनात देवासाठी गात होती, एवढंच. पुढच्या चित्रकारांनी तिच्या हातात ऑर्गन दिला. चर्चच्या गायनमंडळात असाल तर तो तुमचा दिवस.

सातारकडच्या फौजी घरांना २० जानेवारीचा सेबास्तियन जवळचा वाटतो. रोमन सैन्यातला माणूस. त्याचं बाणांनी भरलेलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि तो बाणांनी मेला असंच सगळे समजतात. कथेप्रमाणे तो बाणांतून वाचला, आयरीन नावाच्या विधवेने त्याची शुश्रूषा केली, आणि बरा झाल्यावर तो पुन्हा जाऊन बादशहासमोर उभा राहिला. मग त्याला दांडक्यांनी मारलं. मला त्या पुन्हा जाण्याचं जास्त वाटतं.

घरात लहान मूल असेल तर पर्पेच्युआ. इसवी सन २०३, उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज. ती २२ वर्षांची, अंगावर पिणारं बाळ, आणि तुरुंगात स्वतःच्या हाताने लिहिलेली टिपणं आजही वाचायला मिळतात. त्यात बाळाची काळजी आहे, म्हाताऱ्या वडिलांची रडारड आहे. तिच्याबरोबरची फेलिसिटी गुलाम होती, आठवा महिना लागलेला. तुरुंगातच बाळंत झाली. मालकीण घराण्यातली बाई आणि गुलाम बाई यांची नावं गेली १८०० वर्षं एका दमात घेतली जातात.

गोष्ट वाचा, पण पाखडून

संत ठरला की आठवडाभर आधी त्याची गोष्ट घरातल्यांना सांगा. मराठीत हे नवं नाही. संत पेत्राचं चरित्र सतराव्या शतकात गोव्यात मराठी ओव्यांत छापलं गेलं होतं. मात्र धान्य पाखडतात तसं थोडं पाखडावं लागतं. स्तेफनची हकिगत बायबलातच आहे, प्रेषितांची कृत्ये ६ आणि ७. पॉलिकार्प, पर्पेच्युआ यांचे त्या काळातले कागद आहेत. अ‍ॅग्नेस, लुसी, सेबास्तियन खरोखर होऊन गेले, त्यांची स्मृती फार जुनी आहे, पण तपशील पुढच्या लोकांनी भरलेले आहेत. लॉरेन्सला लोखंडी जाळीवर भाजलं आणि तो म्हणाला, ही बाजू झाली, आता पलटा. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. अभ्यासक म्हणतात, त्याचाही शिरच्छेदच झाला असावा, जसा चार दिवस आधी त्याच्या पोपचा, सिक्स्तसचा, झाला. मुलांना दोन्ही सांगा. मुलं गोंधळत नाहीत. मोठेच गोंधळतात.

लॉरेन्सची मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट जाळीची नाहीच. इसवी सन २५८. तो रोमच्या चर्चचा उपगुरू, खजिना त्याच्या ताब्यात. अधिकाऱ्यांनी सांगितलं, संपत्ती आणून दे. त्याने ती गोरगरिबांत वाटून टाकली आणि ठरल्या दिवशी आंधळे, पांगळे, विधवा यांना समोर आणून उभं केलं: हा आमचा खजिना. म्हणून १० ऑगस्टला आमच्या घरी स्वतःसाठी वेगळं काही शिजत नाही. दोन डबे जास्त भरले जातात आणि बाहेर जातात. युरोपात या दिवसांत पडणाऱ्या उल्कांना लॉरेन्सचे अश्रू म्हणतात. आपल्याकडे ऑगस्टात आभाळ इतकं गच्च असतं की अश्रू सोडाच, चंद्रही दिसत नाही.

सणाच्या दिवशी: मिस्सा

रविवारीच विचारून ठेवा की त्या दिवशी मिस्सा आहे का आणि किती वाजता. आपल्याकडे एकेका फादरांकडे कितीतरी गावं असतात. पुण्या-वसईसारखं पावलापावलावर चर्च नाही. रोजची मिस्सा बहुधा पहाटेची. कुणाच्या नावाने मिस्सा सांगायची असेल तर आठवडाभर आधी ऑफिसात सांगा आणि हेतू चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्या. महाबळेश्वरला फिरायला जाणार असाल तर तिथलं होली क्रॉस चर्च १८३१ पासूनचं आहे. सण सहलीत आला म्हणून चुकवायची गरज नाही.

बाप्तिस्मा झाला नसेल तर ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायला रांगेत जाऊ नका; बाकावर बसून प्रार्थना करा, कुणाला काही वाटत नाही. आणि कान उघडे ठेवा. फादरांनी पहिली, म्हणजे जुनी रोमन यूखरिस्त प्रार्थना घेतली तर तिच्यात नावांच्या दोन रांगा येतात. दुसऱ्या रांगेच्या शेवटी सात बायका: फेलिसिटी, पर्पेच्युआ, अगाथा, लुसी, अ‍ॅग्नेस, सेसिलिया, अनास्तासिया. काही नावं गाळायची मुभा असते, आणि घाई असली की ती गाळली जातात. आमच्या सासूबाई पुढच्या बाकावर बसतात आणि या सातजणी आल्या नाहीत तर नंतर फादरांना विचारतात.

मिस्सा नसेल तर? घरी त्या दिवसाची वाचनं वाचा, त्या संताची प्रार्थना म्हणा. पुरे.

फेब्रुवारीत मात्र एक दिवस चुकवू नका. ३ तारीख, संत ब्लेझ. आर्मेनियातल्या सेबास्ते गावचे बिशप, इसवी सन ३१६ च्या आसपास मारले गेले. घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला त्यांनी वाचवलं अशी कथा. आदल्या दिवशी, २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांवर आशीर्वाद होतो. ३ ला मिस्सानंतर लोक रांगेत उभे राहतात. फादर दोन न पेटवलेल्या मेणबत्त्या लाल फितीने फुलीसारख्या बांधून घेतात आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंना येतील अशा टेकवतात. मेण गार लागतं. लहान मुलं खांदे आकसून खिदळतात. घशाच्या आणि इतर आजारांपासून देव तुला राखो, एवढीच प्रार्थना, पाच सेकंदांची. तेव्हा आपल्याकडे गळीत हंगाम जोरात असतो, हवेत काजळी, निम्मं चर्च खोकत असतं. हा आशीर्वाद घ्यायला बाप्तिस्मा लागत नाही. मी पहिल्यांदा घेतला तेव्हा माझ्या मिरजेच्या आईला बरोबर नेलं होतं. तिने 'बघते फक्त' म्हणत शेवटी मान पुढे केलीच.

घरी काय मांडायचं

थोडंच. कोनाड्यात संताचं चित्र, एक मेणबत्ती, लाल फूल. जास्वंद चालते, गुलाबच हवा असं नाही. चित्रातलं माणूस कोण हे हातातल्या वस्तूवरून ओळखायचं: लॉरेन्सजवळ जाळी, अ‍ॅग्नेसजवळ कोकरू, लुसीच्या ताटलीत दोन डोळे, स्तेफनजवळ दगड. आणि जवळजवळ सगळ्यांच्या हातात झावळी, जिंकल्याची खूण. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी क्रूसामागे खोचलेली असतेच. ती काढून चित्रापुढे ठेवा.

हार घालावा का, असं विचारतात. आमच्याकडे घालत नाहीत, वसईला काही घरी घालतात. नारळ फोडणं, नवस फेडणं, हे मात्र याच्यात मिसळू नका. चर्चचा भेद सरळ आहे: आराधना फक्त देवाची. संताचा मान करायचा आणि त्याला म्हणायचं, 'आमच्यासाठी विनंती कर'. जसं आपण शेजारच्या मावशींना सांगतो, पोराची परीक्षा आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा. मावशी गेल्या म्हणून सांगणं का थांबवायचं?

हे माझ्या मामांना पटत नाही. दरवर्षी विचारतात, "बायबलात कुठे आहे?" मी इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय काढून साक्षीदारांच्या मेघाचं वचन वाचते, ते दुसरं वचन काढतात, आणि चहा येतो. तुमच्याही नात्यात प्रोटेस्टंट मंडळी असतील, सांगली-मिरजेत असतातच, तर २६ डिसेंबरचा स्तेफन निवडा. पहिला रक्तसाक्षी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, आणि सगळा बायबलातला. मामा स्वतः प्रेषितांची कृत्ये मोठ्याने वाचतात. दगड मारणाऱ्यांची वस्त्रं सांभाळत एक शौल नावाचा तरुण (पुढचा प्रेषित पौल) उभा होता, हे वाक्य आलं की थांबतात आणि चष्मा पुसतात.

चित्र-मेणबत्तीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या संताच्या गोष्टीतून एक काम उचला. केक रद्द झाला त्या वर्षी आम्ही अ‍ॅग्नेससाठी हेच केलं. तिचं नाव लॅटिनमधल्या कोकराच्या शब्दासारखं, म्हणून रोममध्ये तिच्या सणाला दोन कोकरांना आशीर्वाद देतात. त्यांच्या लोकरीपासून पांढऱ्या पट्ट्या विणतात आणि २९ जूनला पोप त्या नव्या आर्चबिशपांना देतात, खांद्यावर घ्यायला. मेंढपाळाने कोकरू खांद्यावर घ्यावं तशी. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे घोंगडंच की." लेकीला घेऊन आम्ही जतकडच्या लोकरीचं एक घोंगडं विकत घेतलं. जानेवारीची थंडी होती. चर्चच्या वाटेवर रात्री दुकानाच्या फळीवर झोपणाऱ्या एका आजोबांना ते लेकीने दिलं. तेव्हापासून दर २१ जानेवारीला एक घोंगडं. आजोबांनी पहिल्या वर्षी ते हाताने चाचपून विचारलं होतं, "खरं लोकरीचं हाय का मिक्स?"

एक सण पुरता: १३ डिसेंबर, लुसी

सगळं एकत्र कसं बसतं ते या एका सणावर दाखवते, कारण तो आपल्या स्वयंपाकघरात अगदी फिट बसतो.

लुसी सिसिली बेटावरच्या सिराक्यूजची, इसवी सन ३०४ मध्ये डायोक्लेशियन बादशहाच्या छळात मारली गेली. नावात उजेड आहे. 'लुक्स' म्हणजे प्रकाश. म्हणून डोळ्यांची संत. १३ डिसेंबर आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांत, येतो, पण १७ च्या आधी, त्यामुळे तिचा स्मरणदिन नीट पाळता येतो आणि वस्त्रं लाल असतात.

सिसिलीत सांगतात की एकदा मोठ्या दुष्काळात नेमकं तिच्या सणाला गव्हाचं जहाज बंदराला लागलं. लोक इतके भुकेले की दळत बसायला दम नव्हता. त्यांनी गहू तसाच शिजवून खाल्ला. म्हणून तिथे त्या दिवशी पोळी-पाव बंद, आणि 'कुच्चीया' नावाचा उकडलेल्या अख्ख्या गव्हाचा गोड पदार्थ करतात. हे वाचलं तेव्हा मी उठून डबाच उघडला. अहो, ही तर आपली खपलीची खीर!

दोन वाट्या सडलेली, म्हणजे कांडून साल काढलेली, खपली १२ च्या रात्री भिजत घाला. सकाळी कुकरमध्ये चौपट पाणी, सात-आठ शिट्ट्या. दाणा फुटला पाहिजे पण पीठ होता कामा नये. डावाने थोडी घोटा. मग दोन वाट्या गूळ, ओल्या नारळाचा चव, सुंठ, वेलची, जायफळ, वरून तूप. मंद आचेवर गूळ मुरेपर्यंत. दूध पातेल्यात घालू नका, गुळाने फाटतं. वाटीत खीर वाढून वर गार दूध घ्या. त्या दिवशी आमच्याकडे चपाती होत नाही. मुलांना हीच मोठी मजा वाटते.

खीर होईतो दुसरं काम. क्रोएशिया-हंगेरीकडे लुसीच्या दिवशी ताटलीत गहू पेरतात, नाताळपर्यंत तो हिरवागार होतो आणि गोठ्याच्या देखाव्याजवळ ठेवतात. नवरात्रात घटाभोवती धान्य उगवतं, तसंच. पहिल्या वर्षी मी खिरीतलीच खपली पेरली. चार दिवसांत वास सुटला. साल काढलेल्या दाण्याला कोंब कुठून येणार? पेरायला सालासकट बियाणं हवं, नाहीतर साधा गहू घ्या. रात्रभर भिजवा, पसरट ताटलीत ओल्या मातीचा बोटभर थर, दाणे दाटीने, रोज सकाळी हाताने पाणी शिंपडा, ऊन थेट नको. आपल्या डिसेंबरात तिसऱ्या दिवशी मोड दिसतात आणि २४ पर्यंत वीतभर वाढ होते. मधोमध एक मेणबत्ती रोवायची.

आणि लुसीचं काम म्हणजे डोळ्यांचं: ओळखीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसाचा मोतीबिंदू 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत लांबलाय, त्याला मिरजेला घेऊन जायचं. गेल्या वर्षी मामांना नेलं. तपासून बाहेर आले, रिक्षात बसले आणि म्हणाले, "तुझ्या लुसीला सांग, पुढच्या वर्षी दुसरा डोळा."

नाताळ उलटला की ताटलीतला गहू पिवळा पडायला लागतो. तो आम्ही गल्लीच्या टोकाला बांधलेल्या शेळीला घालतो. ती मातीसकट ओढते, ताटली धरून ठेवावी लागते.